सोन्याचा पंखा

लीड्सला येऊन तीन वर्षं होत आली तरी वरदा इंगोलेची एक खोड काही गेली नव्हती. बसमध्ये, मॉरिसन्सच्या दुकानात, जीपी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, कुठेही मराठी कानावर पडलं की ही उठून त्या माणसाजवळ जाणार आणि विचारणार, "कुठले तुम्ही?" समोरचा जळगावचा निघो की जांबोटीचा, वरदाला तो आपलाच वाटायचा. नवरा वैतागायचा. "अगं, मराठी बोलतो म्हणजे चांगला माणूस असेलच असं कुठंय?" यावर वरदाचं उत्तर ठरलेलं असायचं. "आपला माणूस तो आपला माणूस." आपला तो बाब्या, ही म्हण बायकांनी चेष्टेसाठी केली असावी. वरदाने ती मनापासून घेतली होती.

वर्ध्याला ती एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर होती. इथे ती केअरर झाली. केअरर म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, जमलं तर हसवायचं आणि एवढं सगळं केल्यावर ते केल्याचं टॅबलेटवर टिपायचं. तिचं केअर होम शहराच्या उत्तर टोकाला होतं, जुन्या दगडी घराला मागून नवी विटांची जोड दिलेलं. नवरा एका वेअरहाऊसमध्ये, मुलगी सिया प्रायमरीच्या शेवटच्या वर्षात. सियाचं इंग्रजी आता असं पक्कं यॉर्कशर झालं होतं की आईलाच ते दोनदा विचारावं लागे. या तिघांचं इथलं राहणं एकाच खुंटीला टांगलेलं होतं: वरदाच्या व्हिसाला. आणि व्हिसा होमच्या मालकाच्या, परदेशी माणसं कामावर ठेवायच्या लायसन्सला. लायसन्स गेलं की व्हिसा गेला. मग थोडक्या मुदतीत दुसरा लायसन्सवाला मालक शोधायचा, नाहीतर बॅगा भरायच्या.

पण वरदाला काळजी नव्हती, कारण मालक आपला माणूस होता. मिलिंद सर मूळचे साताऱ्याकडचे. मराठी मंडळाच्या गणपतीत फेटा बांधून यायचे, स्टाफच्या पंगतीत मांडी घालून बसायचे. पहिल्याच वर्षी वरदाच्या पानात स्वतः मोदक वाढून त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुमचं माहेर कुठलं?" तेवढ्यावर ती विरघळली. त्यांच्या ऑफिसात खिडकीजवळच्या शेल्फवर चांदीचा गणपती होता, वडिलांकडून आलेला. सर ऑफिसात आले की आधी त्याला फूल वाहायचे आणि मग कॉम्प्युटर उघडायचे. वरदाने हे पाहिलं होतं. एवढं पाहिल्यावर माणसाबद्दल आणखी काय बघायचं, असं तिला वाटे.

होममध्ये मराठी म्हातारा एकच होता, पद्माकर रिसबूड. सगळ्यांचे काका. कापडगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर होते आणि तरुणपणी कंपनीने त्यांना यंत्रं बसवायला जपानमध्ये, क्योटोजवळच्या फुशिमीला वर्षभर धाडलं होतं. तिथे ज्या खानावळीत ते जेवत, तिच्या लाकडी जाळीला गोल भोकं पडलेली होती. खानावळवालीने सांगितलं, ही गोळ्यांची, शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईची. झालं, काकांना वेड लागलं. पुढे लग्न, मुलगा, रिटायरमेंट, बायकोचं जाणं, सगळं झालं, पण ती लढाई त्यांच्या डोक्यातून गेली नाही. होममध्ये येताना त्यांनी कपडे कमी आणले आणि शिशाचे सैनिक जास्त.

लाउंजच्या मोठ्या खिडकीत वॉलपेपर चिकटवायचं लांबडं टेबल मांडलेलं होतं. त्यावर निळ्या रंगाची नदी, दोन रस्ते, एक पूल, योदो नावाचा किल्ला आणि पार खालच्या टोकाला ओसाकाचा मोठा किल्ला. काकांच्या हाताला पार्किन्सन्सचा कंप. ते एक सैनिक उचलायला गेले की चार आडवे व्हायचे. म्हणून दुपारच्या चहानंतर वरदा येऊन बसायची. काका हुकूम सोडायचे, वरदा सैनिक सरकवायची, आणि कोण मेलं, कोण जगलं, ते फासे सांगायचे. मॅनेजरने ड्यूट्यांच्या तक्त्यावर, रोट्यावर, त्याला 'अ‍ॅक्टिव्हिटी' असं नाव दिलं होतं.

तोबा-फुशिमीची ती लढाई वरदाला आता तोंडपाठ होती. अठराशे अडुसष्ट सालचा जानेवारी. एकीकडे शोगून, म्हणजे जपानचा खरा कारभारी, अडीचशे वर्षं सत्ता त्याच्या घराण्यात. दुसरीकडे पोरसवदा बादशहा आणि त्याच्या नावाने उठलेले सात्सुमा आणि चोशू हे दोन प्रांत. शोगूनचं सैन्य पंधरा हजार, समोर फार तर पाच हजार. शोगूनचे लोक क्योटोला निघाले ते लढायला निघाल्यासारखे निघालेच नाहीत. आपण एवढे, आपल्याला कोण अडवणार? काहींच्या बंदुकाही भरलेल्या नव्हत्या. पुलाशी त्यांना अडवलं, वाद घालत ते उभे राहिले, आणि समोरून तोफ उडाली.

"काका, आज बंदुका भरून पाठवू या," वरदा म्हणायची.

"पाठव. बघू या."

बंदुका भरून पाठवल्या तरी फासे असे पडायचे की पहिला दिवस कसाबसा निभायचा. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला बादशहाचं निशाण उभं राहायचं, लाल जरीचं, वर सोनेरी सूर्य. त्यावर गोळी झाडणारा राजद्रोही. ते बघूनच शोगूनच्या लोकांचे हात गळायचे. तिसऱ्या दिवशी ते मागे सरत योदोच्या किल्ल्याशी यायचे. किल्लेदार शोगूनचाच मंत्री, पण त्याने दरवाजाच उघडला नाही. इथे वरदाला दरवेळी राग यायचा. "घरचाच माणूस, आणि दार नाही उघडत?" काका हसायचे. आणि इथेच, तिसऱ्या दिवसाच्या शेवटी, ते डाव थांबवायचे. "आज एवढंच." दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ओसाकाच्या किल्ल्यात शोगूनची बोटभर मूर्ती बसलेली असायची, शेजारी काडीवर सोनेरी पंखा. चॉकलेटच्या चांदीला रंग देऊन काकांनीच तो केला होता. तो शोगूनच्या घराण्याचा मानाचा पंखा, मूळ पुरुषापासून चालत आलेला. तिथपर्यंत खेळ कधी पोचलाच नाही. वरदाला वाटायचं, काका थकतात.

हिवाळा सरत आला तेव्हा होममध्ये कुजबुज सुरू झाली. होम ऑफिसची, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याची माणसं येऊन गेली, त्यांनी रोटे तपासले, मिलिंद सरांशी दार लावून बोलली. लायसन्स धोक्यात आहे म्हणे. मराठी केअरर पाच जणी होत्या आणि पाचही जणींचा जीव टांगणीला लागला. त्यांतली सगळ्यांत लहान अक्षया, बार्शीची. घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडून ती इथे आली होती आणि वडिलांनी दारात उभं राहून सांगितलं होतं, गेलीस तर परत या घरात यायचं नाही. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नव्हता. बाकीच्यांना वाईटात वाईट परत जावं लागलं असतं. अक्षयाला परत जायला जागाच नव्हती.

आणि धावपळही अक्षयानेच केली. वेकफील्डला एक होम होतं, लायसन्स पक्कं, माणसांची नड. त्यांनी पाचही जणींना घ्यायची तयारी दाखवली, फक्त लगेच हो म्हणा म्हणाले.

"ताई, मी सगळ्यांचे सीव्ही पाठवू का? फ्रायडेपर्यंत कन्फर्म करा म्हणतायत."

"थांब जरा," वरदा म्हणाली. "सरांना न विचारता? ते बरं दिसत नाही."

वरदा विचारायला गेली. सरांनी पाचही जणींना ऑफिसात बोलावलं, स्वतः चहा करून दिला. "तुम्ही माझ्या घरच्या आहात," ते म्हणाले. "लायसन्सचं मी बघतोय. मंडे मॉर्निंगला तुम्हा सगळ्यांना घेऊन मी स्वतः सॉलिसिटरकडे येतो. मी पुढे, तुम्ही मागे. पण आत्ता तुम्ही पाच जणी सोडून गेलात तर होम उद्याच बंद पडेल. मग या म्हाताऱ्यांनी कुठे जायचं, सांगा?"

बाहेर आल्यावर अक्षया हळूच म्हणाली, "ताई, हे त्यांनी ईमेलवर लिहून दिलं तर बरं होईल ना? तुम्ही विचारा ना, तुमचं ऐकतात ते."

वरदा तिच्यावर जवळजवळ डाफरलीच. "घरच्या माणसाकडे लेखी मागतात का? उद्या तुझ्या काकांकडे मागशील? मी सांगते ना. मी आहे ना."

पोरींनी तिचं ऐकलं. ती सगळ्यांत मोठी, वर्ध्याला वॉर्ड सांभाळलेली. आजारी पडलं की मुगाची खिचडी घेऊन येणारी. ती थांबा म्हणाली, त्या थांबल्या. वेकफील्डला 'नो थँक यू' गेलं.

काकांना ही बातमी तिनेच मोठ्या उमेदीने सांगितली, रविवारी दुपारी, सैनिक मांडता मांडता. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज पुढे खेळू या. चौथा दिवस."

"आज थकला नाहीत?"

"सरकव."

चौथ्या दिवशी नदीपलीकडची शोगूनच्याच बाजूची पलटण फिरली आणि तिने आपल्याच लोकांवर तोफा डागल्या. उरलेले सगळे, जखमी, उपाशी, ओसाकाला येऊन पोचले. फासे टाकायची गरजच नव्हती. पण ओसाकाचा किल्ला अभंग होता, माणसं अजून हजारोंनी होती, समुद्रात आरमार उभं होतं. काका सांगत होते आणि वरदा थकल्याभागल्या शिपायांना किल्ल्याच्या तटाशी नीट उभं करत होती.

"शिपाई म्हणाले, आता तुम्ही स्वतः चला. शोगून म्हणाला, चलतो. उद्या मी स्वतः पुढे असेन. सगळ्यांनी जल्लोष केला, तलवारी पुसल्या. आता शोगूनला उचल."

वरदाने ती बोटभर मूर्ती उचलली. "पुढे ठेवू?"

"माझ्या खिशात टाक."

वरदाने ती त्यांच्या खिशात टाकली.

"त्याच रात्री मागच्या दाराने गेला. चार मोठी माणसं बरोबर. पहारेकऱ्याने विचारलं तर म्हणाले, पहाऱ्याची पाळी बदलतेय. बोटीत बसला, थेट एदोला, म्हणजे आताच्या टोकियोला. सकाळी शिपाई उठून तयार झाले आणि वाट बघत बसले. आपल्याकडे पानिपतावर भाऊ हत्तीवरून उतरला तर सैन्याला वाटलं पडला. पण तो मैदानात तरी होता गं." काकांनी खिशावर हात ठेवला. "हा पंखासुद्धा मागे ठेवून गेला. घराण्याचा पंखा."

"मग तो कोणी नेला?"

"एदोच्या आग विझवणाऱ्यांचा एक म्हातारा म्होरक्या होता तिथे. लढाईशी त्याचा संबंध नाही. त्याने तो घेतला आणि रस्त्याने चालत एदोला पोचवला."

"कशाला पण? ज्याचा होता त्यालाच नको होता."

"कोणीतरी न्यायला हवा, म्हणून नेला असेल." काका तिच्याकडे वळले. "वरदा, वेकफील्डला फोन कर. आज, आत्ता. पाय धर त्यांचे."

आता तिला कळलं की काका कुठल्या लढाईबद्दल बोलतायत, आणि तिला राग आला. "काका, सर तसे नाहीत. ते आपले आहेत."

"ते पंधरा हजार त्याचे आपलेच होते," काका म्हणाले.

वरदा उठली. त्यांच्या खिशात हात घालून तिने शोगून बाहेर काढला आणि ओसाकाच्या किल्ल्यात, पंख्याशेजारी, जागच्या जागी ठेवून दिला. मग चहाचे कप गोळा करून निघून गेली.

सोमवारी पाच जणी रिसेप्शनच्या सोफ्यावर येऊन बसल्या. वरदाने ठेवणीतली साडी नेसली होती, वर कोट. अक्षयाने केस धुऊन घट्ट वेणी घातली होती. सर आले नाहीत. फोन थेट व्हॉइसमेलला जात होता. ट्रॅफिक असेल, वरदा म्हणाली. मीटिंग असेल. एक पोरगी उठून बाहेर बघून आली, गाडी नव्हती. अक्षयाने वेकफील्डचा नंबर काढला आणि विचारलं, "ताई, एकदा ट्राय करू का? अजून एखादी जागा असेल."

वरदाकडे ऑफिसची किल्ली असायची. तिने दार उघडलं आणि आत बघितलं. टेबल आवरलेलं, खुर्ची आत सारलेली. पण शेल्फवर गणपती होता. पुढ्यात शुक्रवारचं फूल, थोडं सुकलेलं. वरदाच्या छातीतलं ओझं एकदम उतरलं. तिने पोरींना दारात बोलावून बोट दाखवलं. "बघा. वडिलांचा गणपती आहे हा. देव मागे ठेवून कोणी जातं का? येतील. फोन ठेव, अक्षया."

आता सांगा, ही चूक दुसऱ्या कोणी केली असती का? एखाद्या गोऱ्या बाईने कपाट उघडून बघितलं असतं, पासपोर्ट आहे का, चेकबुक आहे का. वरदाने देव बघितला. काकांनी पंख्याची गोष्ट आदल्याच दिवशी सांगितली होती, तीही तिला त्या वेळी आठवली नाही. पाचही जणी दिवसभर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही वाट पाहिली. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय. मग कौन्सिलची बाई आली आणि तिने सांगितलं की मालक देशाबाहेर आहेत, लायसन्स रद्द झालंय आणि होम बंद करावं लागेल. ती फार चांगलं बोलली. पोरींना पाण्याचे ग्लास आणून दिले. तोवर वेकफील्डच्या पाचही जागा भरल्या होत्या.

त्यानंतर वरदाने काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. शंभर ठिकाणी अर्ज, शंभर ठिकाणी तेच गोड उत्तर. लायसन्स गेलेल्या होम्समधून तिच्यासारख्या कितीतरी जणी त्याच दारांवर उभ्या होत्या. बाकीच्या तिघींतली एक नागपूरला परतली, दोघी बर्मिंगहॅमला कुठेतरी गेल्या आणि त्यांनी नवा नंबर दिला नाही. वरदाच्या नवऱ्याने तिकिटं काढली. सियाने शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं की आम्ही हॉलिडेला चाललोय. घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, मी खोटी बोलली. खरं काय सांगायचा ते मला नाही माहीत." वरदाने तिचं व्याकरण सुधारलं नाही.

म्हातारे एकेक करून हलवले गेले. काकांचा मुलगा समर इल्फर्डहून आला. तिकडच्या होममध्ये खोली मिळाली होती, लहान, टेबल मावणार नव्हतं. वरदाने सैनिक कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात भरले. सगळ्यांत शेवटी ओसाकाचा किल्ला राहिला. शोगून तिथेच बसला होता, तिने बसवला होता तिथे.

"काका, तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली.

काकांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. "मी पण कधी चौथा दिवस खेळायचो नाही गं. वाटायचं, आपण तिसऱ्याला थांबलो तर तो जाणार नाही." समरने खुर्ची ढकलली. व्हॅनचं दार लागेपर्यंत काका मागे वळून टेबलाकडेच बघत होते.

शेवटच्या दिवशी इमारतवाल्याचा माणूस कुलूप घालायला येणार होता. किल्ली द्यायला वरदाच गेली, दुसरं कोणी उरलंच नव्हतं. ऑफिसात अक्षया होती. खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिची सुटकेस. होमच्या वरच्या खोलीत ती राहायची आणि आज तीही रिकामी करायची होती.

"उद्या निघताय ना ताई?"

"हो. तू काय ठरवलंस?"

"एक जण म्हणतो, लेस्टरला काम आहे. कॅश. पेपर्स विचारत नाहीत."

"तसं करू नको गं. पकडलं तर…"

"मग काय करू?" अक्षयाने साधेपणाने विचारलं. तिच्या आवाजात राग असता तर वरदाला बरं वाटलं असतं. "तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले. आता तुम्ही सांगा."

इतके दिवस वरदा स्वतःला त्या तटाखालच्या शिपायांत धरत होती, फसवल्या गेलेल्यांत. आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांपुढे स्वतःचा चेहरा आला, पोरींपुढे उभं राहून 'मी आहे ना' म्हणणारा. आणि उद्या तिचं विमान होतं. तिची मान खाली गेली आणि ती रडली. अक्षयाने तिला रडू दिलं.

थोड्या वेळाने वरदाने डोळे पुसले, शेल्फवरचा गणपती उचलला, वाळलेलं फूल झटकलं. मूर्ती ओढणीत गुंडाळून ती पिशवीत ठेवू लागली. कोणीतरी साफसफाईवाला येणार आणि देव कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जाणार, हे तिला बघवलं नसतं.

"तो कशाला नेताय?" अक्षया म्हणाली. "त्यांचा आहे ना?"

"असू दे. इथे कसा टाकायचा? कोणीतरी न्यायला हवा."

अक्षया तिच्या हातातल्या त्या गाठोड्याकडे बघत राहिली. मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि ताई, मला?"

वरदाचे हात थांबले. बाहेर इमारतवाल्याची गाडी लागल्याचा आवाज आला. तिने गणपती पिशवीतून काढून पुन्हा शेल्फवर ठेवला आणि अक्षयाच्या शेजारी, कपड्यांचा विचार न करता, जमिनीवर बसली. माणूस आत येऊन 'ओके लेडीज, टाइम टु गो' म्हणेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.